दुसऱ्या गिअरची घाई

किल्ली हातात देताना त्या बाई एवढंच म्हणाल्या, "सकाळच्या गारठ्यात दुसऱ्या गिअरला घाई करू नकोस हं." बाकी काही नाही. सत्तावीस वर्षं वापरलेली गाडी देऊन टाकताना माणूस खूप काही सांगेल, असं मला वाटलं होतं. कागदपत्रांची फाइल त्यांनी आधीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढून ठेवली होती, प्रत्येक ऑइल बदलल्याची चिठ्ठी तारखेनिशी टाचलेली. चहा विचारला, मी नको म्हटलं. मग गॅरेजचं दार वर गेलं आणि आत ती लाल, बुटकी, दोन सीटची गाडी, पापण्या मिटल्यासारखे दिवे आत ओढून बसलेली. 1992 ची माझदा मियाटा. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या बाहेरच्या त्या रस्त्यावर मी ती उलटी काढली, पहिला टाकला, निघाले, आणि दुसरा टाकायच्या वेळी माझा डावा हात खिडकीच्या हँडलवर खाडकन आपटला.

तो हात काचेचं हँडल शोधत नव्हता. तो गिअर शोधत होता.

अमेरिकेत येऊन सोळा वर्षं झाली, पण इथं माझ्या सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक. स्टिअरिंग डावीकडे आलं, उजवीकडून चालायची सवय झाली, आरशात बघायची दिशासुद्धा बदलली. गिअर मात्र बदलायचाच नव्हता, त्यामुळे डाव्या हाताला कुणी कळवलंच नाही की तुझं खातं बंद झालंय. साताऱ्यात एकोणिसाव्या वर्षी शिकलेलं सगळं त्यानं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. उजवा हात बिचारा या बाबतीत अंगठाबहाद्दर. तो लिहितो, पोळ्या लाटतो, स्क्रू फिरवतो. पण क्लच दाबला की त्याला काय करायचं ते कळेना. घरी पोचेपर्यंत तीनदा खरखर झाली. ती खरखर कानाला नाही, दातांना ऐकू येते. दारात उभा असलेला नवरा म्हणाला, "आला का लाल डबा!" तेव्हापासून गाडीचं नाव लाल डबाच.

महिनाभरात मी ठरवून टाकलं की दोष दांडीत आहे. त्याला पार्श्वभूमी अशी, की गिअरमध्ये असतानासुद्धा दांडी बोटभर इकडेतिकडे हलायची, आणि सकाळी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दारात आडवा पाय घालून उभं राहिल्यासारखं काहीतरी व्हायचं. बाईंचं वाक्य मी वाहनदोषाची कबुली म्हणून घेतलं. विकताना दोष सांगून टाकला, सज्जन बाई. आता दुरुस्त करणं माझं काम. आणि दुरुस्तच करायचं तर मग चांगलंच करू, म्हणून शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी हालचालीत गिअर बदलणारी आखूड दांडी, मागवला. जुनी गाडी पहिल्यांदा घेतलेल्या माणसाचा हा ठरलेला आजार आहे. घर घेतलं की आधी पडदे बदलतात, तसं. पडद्यात काही वाईट नसतं, पण ते दुसऱ्या कुणीतरी लावलेले असतात.

बाबांना व्हिडिओ कॉलवर खोकं उघडून दाखवलं. ऐंशीच्या घरातले बाबा, चष्मा कपाळावर, फोन नेहमीप्रमाणे अर्धा छताकडे. मी कौतुकानं सांगत होते की या गाडीत गिअरची दांडी सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावरच बसवलेली आहे, मध्ये सळया नाहीत, केबल नाही. दांडीच्या पोटात एक गोळा असतो, तो टेकूसारखा, वरचं टोक पुढे ढकललं की खालचं मागे जातं. शॉर्ट शिफ्टरमध्ये गोळ्याच्या खालचा भाग लांब करतात, म्हणजे हाताला कमी अंतर चालावं लागतं. तरफ, बाबा, सातवीचं शास्त्र. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, गिअर थेट गिअरबॉक्सवर? मग तुला अजून काय पाहिजे?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून का आलं, ते कळायला आमची जुनी गाडी माहीत हवी. नाव घेत नाही. स्टिअरिंगच्या खांबाला गिअर असलेल्या गाड्या त्या काळात रस्त्यावर मुख्यतः दोनच होत्या, त्यातली एक समजा. दांडी बाबांच्या डाव्या हाताशी, चाकाखाली. तिथून हुकूम निघायचा तो खांबावरून खाली, मग बॉनेटच्या आत आडव्या सळया, त्यांची कोपरं, कोपरांत बुश, म्हणजे सांध्यातली झीज सोसणारी छोटी अस्तरं, आणि शेवटी गिअरबॉक्स. पोवई नाक्यावरून कलेक्टर कचेरीत निरोप चार माणसांच्या तोंडून पाठवावा, तसा कारभार. बुश झिजले की निरोप बदलायचा. बाबा म्हणायचे दुसरा, सळया ऐकायच्या पहिला, आणि मध्येच कुठेतरी दोघी एकमेकींत अडकून बसायच्या.

एकदा खंबाटकी घाटात, चढावर, तसंच झालं. मी दहा-अकरा वर्षांची. बाबांनी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाखाली दगड लावला, मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, "क्लच दाबून धर, मी सांगेपर्यंत सोडू नकोस." पाय पुरत नव्हता. मी सीटच्या कडेला घसरत घसरत, पाठ जवळजवळ झोपवून, दोन्ही पायांनी क्लच दाबला. समोर फक्त उघडं बॉनेट, त्याच्या फटीतून बाबांच्या शर्टाची पट्टी दिसत होती. मागून ट्रक एकेक करून कण्हत वर चढत होते, आणि प्रत्येकाच्या हवेनं गाडी जराशी डुलायची. मग आतून खडखड आवाज आला आणि माझ्या नाकासमोरची गिअरची दांडी आपोआप हलली. कुणीही हात न लावता. भुतासारखी. त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं की दांडीचं दुसरं टोक कुठेतरी असतं, आणि तिथं बाबा आहेत. ते परत आले तेव्हा बोटं काळी कुळकुळीत. पिवळ्या फडक्याला पुसत म्हणाले, "बुश गेलीत," आणि दुसऱ्यात टाकून निघाले.

त्याच वर्षी पालच्या खंडोबाच्या यात्रेत मी त्या गाडीचं पहिलं अपग्रेड केलं. शब्द तेव्हा माहीत नव्हता. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या त्या गर्दीत ट्रकवाल्यांच्या सामानाचं एक दुकान मांडलेलं होतं: गोंडे, काळ्या वेण्या, लिंबू-मिरचीचे प्लास्टिकचे हार, आणि काचेसारख्या पारदर्शक गिअरच्या मुठी. आत गुलाब, आत मोराचं पीस, आत विंचू. मी विंचू घेतला. पैसे माझे, खाऊचे. बाबांना म्हटलं, गुलाब संपले होते. आटे जुळत नव्हते, म्हणून बाबांनी जुन्या मुठीच्या जागी दांडीला दोरा गुंडाळून तो विंचू घट्ट बसवला, माझ्यासमोर, अगदी गंभीरपणे. लहानशा दांडीच्या टोकाला ती मूठ आंब्याएवढी दिसायची. पुढच्याच खेपेला घाटातल्या वळणावर ती त्यांच्या हातात आली. नुसती मूठ, दांडी जागच्या जागी. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, शर्टाच्या खिशात टाकली, आणि उरलेला घाट नागड्या सळईनं चढले. खिसा विंचवाच्या ओझ्यानं लोंबत होता. आई मागून हसू दाबत होती. मला कुणी काही बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तर, "मग तुला अजून काय पाहिजे?" मी उत्तर दिलं नाही. ऑक्टोबरातला शनिवार होता, नवरा मुलाला घेऊन मॅचला गेलेला, गॅरेजचं दार अर्धं वर, बाहेर मेपलची पानं. आधी गिअरची मूठ उलटी फिरवून काढली. तिचं चामडं एका बाजूला तुळतुळीत झालेलं, मधल्या बोटाच्या जागी जरासा खड्डा. माझं बोट तिथं बसत नाही, त्या बाईंचा हात माझ्याहून मोठा. मग मधला खण, त्याचे स्क्रू, त्याखाली दांडीभोवतीचं जाड रबरी आवरण, त्याला बूट म्हणतात, चार बोल्ट. रबर कोपऱ्यात फाटलेलं होतं; उन्हाळाभर गुडघ्याजवळ गरम वारा का येत होता ते कळलं. त्याच्याखाली आणखी एक छोटा बूट, तोही भेगाळलेला, आणि मग तीन बोल्टची चकती. ते काढून दांडी वर ओढली तशी ती लोणच्याच्या बरणीतून कैरीची फोड निघावी तसा आवाज करून निघाली. आणि वास. गिअर ऑइलचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही घेतला त्यांनी कुजलेलं अंडं आणि जळकं रबर एका डब्यात कोंडून ठेवावं.

या गाडीत दांडीच्या खोबणीला स्वतःचं वेगळं तेल असतं, 80-90 मिली, जेमतेम वाटीत मावेल एवढं. गिअरबॉक्सच्या तेलाशी त्याचं देणंघेणं नाही, आणि म्हणूनच ते बदलायचं लक्षात राहत नाही. बाईंच्या त्या नीटनेटक्या फाइलमध्येही त्याची चिठ्ठी नव्हती. आत जे होतं त्याला तेल म्हणवत नव्हतं, तळाशी काळपट चिखल. त्या चिखलात मला तपकिरी, ठिसूळ कपचे सापडले. दोन-तीन, नखाएवढे. मी ते चिमटीत धरून उजेडात पाहिले. दांडीच्या खालच्या टोकावर टोपीसारखं बसणारं नायलॉनचं बुश. तीस वर्षांच्या उष्णतेनं बिस्किट होऊन तुटलेलं.

इथं मी थांबायला हवं होतं. मी नोकरीच चाचणी विभागात करते. गाडीच्या सुट्या भागांच्या चाचण्या, रोज आठ तास. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे मी नव्या पोरांना शिकवते. आणि त्या शनिवारी मी नवं बुश, नवं तेल, नवे दोन्ही बूट आणि नवी आखूड दांडी, सगळं एकदम घातलं. वर वजनदार पोलादी मूठही, कारण खोक्यात आली होती.

पण काय मजा आली म्हणून सांगू! मनगटसुद्धा हलवायला नको. खट्, खट्, खट्. कडी लावावी तसा आवाज. मी संध्याकाळी हाइन्स ड्राइव्हला गेले. रूज नदीच्या काठाकाठानं तो रस्ता वळत जातो, मिशिगनच्या या सपाटीवर घाटाची हौस भागवायची तर एवढंच. 1600 सीसीचं इंजिन, 116 अश्वशक्ती, हजार किलोच्या आतलं अंग; आजच्या कुठल्याही कुटुंबवत्सल गाडीपुढे हे आकडे हसण्यासारखे आहेत. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली तेव्हाही तिचा जोर आकड्यांवर नव्हता. घोडा आणि स्वार एक व्हावेत, असं एक जपानी वचन तिच्या कर्त्यांनी समोर ठेवलं होतं, जिन्बा इत्ताई. इंजिन-गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक चौकट घालून त्यांनी सगळं एकसंध बांधलं, ते उगीच नाही. ऑगस्टात डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो तेव्हा अमेरिकी इंजिनांच्या गडगडाटात आमचा लाल डबा म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीत बकरी. तरी त्या संध्याकाळी, चौथ्यातून तिसऱ्यात उतरताना, माझा उजवा हात पहिल्यांदा काही न विचारता योग्य ठिकाणी गेला. मी मोठ्यानं हसले. एकटीच.

मग हळूहळू कुरकुर सुरू झाली. दांडी कडक, आणि तिच्यातून एक बारीक चिरचिर थेट तळहातात यायची, अमुक एका वेगाला हमखास. आखूड तरफेचा हिशेब तोच असतो, अंतर वाचवलं की जोर द्यावा लागतो. सातवीचं शास्त्र बाबांना शिकवणारीनं हे गृहीत धरलं होतं, मनगटानं मात्र नव्हतं. आणि सकाळी दुसरा आणखीनच अडायचा. आधी तो "थांब" म्हणायचा, आता दार तोंडावर लावायचा.

यात त्याची चूक नव्हती. दुसऱ्या गिअरपुढे सिंक्रोचं पितळी कडं असतं. दोन वेगवेगळ्या गतींनी फिरणाऱ्या गोष्टी एकमेकींना भिडण्याआधी ते कडं घासून घासून त्यांची गती एक करतं, आणि ती एक होईपर्यंत वाट अडवून धरतं. सकाळी तेल थंड आणि दाट असतं, घासायला पकड मिळत नाही, म्हणून वेळ लागतो. लांब दांडीच्या प्रवासात तो वेळ आपसूक मिळून जायचा. माझ्या नव्या दांडीनं नेमका तोच काढून टाकला होता. जुन्या एसटीत तर सिंक्रोचाही आधार नसे. ड्रायव्हर क्लच दाबून गिअर काढायचा, सोडायचा, पुन्हा दाबून पुढचा टाकायचा, आणि मधल्या त्या रिकाम्या क्षणी इंजिनाचा आवाज उतरायचा. लहानपणी बॉनेटजवळच्या गरम सीटवर बसून मला वाटायचं, गाडी उसासा टाकतेय. ती लांब, वाकडी, थरथरणारी दांडी हातात धरून तो माणूस त्या उसाशाची वाट बघायचा.

नोव्हेंबरात रस्त्यांवर मीठ पडायला लागलं आणि लाल डबा ताडपत्रीखाली गेला. डिसेंबरात आम्ही साताऱ्याला गेलो. बाबांची आताची गाडी वॅगन आर, गिअर जमिनीवर, बिनतक्रार. मला चालवायला दिली, स्वतः बाजूला बसले. पोवई नाक्यावरून निघाले, पहिल्यातून दुसरा टाकायला गेले, आणि माझा उजवा हात दारावर आपटला.

बाबांनी बघितलं. "लागलं का?" म्हणाले. नाही म्हटलं. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मला गंमत वाटायला हवी होती, म्हणजे वाटलीही, पण पोटात थोडं खड्डा पडल्यासारखंही झालं. तीन महिन्यांत उजव्या हाताला शिकवलं म्हणजे डाव्याचं जाईल, असं मी धरलं नव्हतं. दोन वळणांनंतर डावा हात आपला आपण खाली आला आणि काम करू लागला, रुसवा न धरता. घरी आल्यावर आईला विचारलं, तो विंचू कुठंय? शोकेसमध्ये नव्हता. "तो होय," आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तो मी कधीच टाकला. रात्री दिवा लागला की हलल्यासारखा दिसायचा." बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "मूठ चांगली होती. दोरा कमी पडला."

एप्रिलमध्ये ताडपत्री काढली आणि पुन्हा सगळं उघडलं. या वेळी एकच गोष्ट बदलली. नवं बुश, नवं तेल, नवे बूट आहेत तिथं राहू दिले. आखूड दांडी काढून मूळची लांब दांडी परत घातली. मूठही जुनी, चामड्याची, खड्ड्यासकट. दांडी आता बोटभर हलत नाही. तिला काही झालेलंच नव्हतं. चार-पाच डॉलरचं नायलॉन तेवढं गेलं होतं. शॉर्ट शिफ्टर खोक्यात घालून शेल्फवर ठेवला, रंगाच्या डब्यांच्या मागे. विकला नाही. त्या हाइन्स ड्राइव्हच्या संध्याकाळचं श्रेय त्याचं किती आणि बुशाचं किती, ते मला सांगता येणार नाही, आणि एखाद्या ऑक्टोबरात मी तो पुन्हा लावणार नाही याचीही खात्री देत नाही.

पहिल्याच सकाळी बाहेर काढली. गारठा होता, चाळीस फॅरनहाइटच्या आसपास, श्वासाची वाफ दिसत होती. कोपऱ्यावरच्या स्टॉपला थांबले, पहिला टाकला, निघाले, क्लच दाबला, दांडी मागे ओढली आणि दुसऱ्याच्या तोंडाशी हात थांबला. आत कुणीतरी "थांब" म्हणालं. मागे एक पिकअप होता. मिशिगनमध्ये सहसा कुणी हॉर्न देत नाही, त्यानं दिला. मधलं बोट त्या खड्ड्यात टेकवून मी थांबले. मग गेला.